दुर्बिणीने न पाहिलेला घास

मी दुर्बीण बोलतेय. लगेच आकाशाकडे मान वर करू नका. चंद्र-तारे पाहणारी ती दुसरी, तिचं सगळीकडे कौतुक. मी खाली पाहणारी. माणसाच्या तोंडातून आत शिरायचं, जिभेच्या मागून वळायचं, घशाखाली अन्ननलिकेत उतरायचं आणि पोटापर्यंत जाऊन यायचं, हे माझं काम. करंगळीएवढी जाड, काळी, लवचीक, आणि माणसाच्या हाताहून लांब. मला पहिल्यांदा पाहणारे सगळे एकच म्हणतात, "अगं बाई, हा साप आत घालणार?" घालणार! साप म्हणा नाहीतर नळी म्हणा. मला नावं ठेवून तुमचा घास खाली उतरणार असेल, तर खुशाल ठेवा.

माझा जन्म एका पांढऱ्या, स्वच्छ खोलीत झाला. तोंडावर फडकं बांधलेल्या एका बाईने भिंगाखाली बघत बघत माझा डोळा बसवला. डोळ्याशेजारी दिवा, दिव्याशेजारी पाण्याचं बारीक भोक, आणि अंगातून आरपार जाणारी एक पोकळ वाट, हत्यारं आत सोडायला. डोक्याशी दोन चाकं. एक फिरवलं की माझं टोक वर-खाली होतं, दुसरं फिरवलं की डावीकडे-उजवीकडे. सगळं जोडून झाल्यावर तिने माझा दिवा लावला आणि माझ्या डोळ्यासमोर आपला तळहात धरला. मी जगात पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे त्या हातावरच्या रेषा. ती "छान" म्हणाली, दिवा विझवला आणि पुढची उचलली. आईची माया म्हणाल तर तेवढीच वाट्याला आली.

मग पेटी, पेटीतला मऊ खळगा, बराच प्रवास, आणि हे हॉस्पिटल. फार मोठं नाही. खाली तपासणीच्या खोल्या, वर रुग्णांचे पलंग, आणि जिन्याच्या शेजारी आमची दुर्बिणीची खोली. मला कुणी काही शिकवलं नाही हो. डॉक्टरांनी जाडजूड पुस्तकं वाचली असतील, मी आत जाऊन पाहिलं आणि शिकले. साहेब असो की हमाल, आतून सगळे सारखेच, ओलसर गुलाबी. ज्यांना आपल्या रंगाचा तोरा आहे त्यांनी एकदा आमच्या पडद्यावर स्वतःला पाहावं.

पण एक सांगते, आणि रडगाणं म्हणून सांगत नाही. माझ्याइतकं माणसांच्या जवळ कुणी जात नाही, आणि माझ्याइतकं एकटंही कुणी नसेल. ज्याच्या आत जायचं तो झोपवलेला. जागा असला तरी घसा बधिर, तोंड उघडं राहावं म्हणून दातांत कडी, डोळे घट्ट मिटलेले. बाहेर आले की आमचे मामा मला घेऊन जातात. हे मामा म्हणजे दुर्बिणी धुणारे. ते माझ्या पोटात हवा भरतात, मला पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे येतात का बघतात. बुडबुडा आला तर कुठेतरी चीर पडली समजायचं. मग ब्रश, औषधाचं पाणी, साधं पाणी, वारा. शेवटी काचेच्या कपाटात उभं टांगतात. ज्याच्या आतून आत्ताच जाऊन आले त्याचा मागमूसही अंगावर राहू द्यायचा नाही, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण आठवणी पुसायला मामांकडे ब्रश नाही.

आणखी एक. माझ्यासमोर येणारा प्रत्येक माणूस उपाशी असतो. रिकाम्या पोटीच यायचं असतं ना! अन्नाच्या वाटेवर माझा जन्म गेला, पण माणूस जेवताना मी कधी पाहिला नाही. त्यातून बरं झालेलं माणूस परत येत नाही. त्रास राहिला तर येतं. म्हणजे माझं काम जितकं चोख, तितकं त्या माणसाचं तोंड मला पुन्हा दिसणार नाही. बसा आता अभिमान कुरवाळत.

म्हणूनच त्या दोघी बहिणी माझ्या मनातून जात नाहीत.

दोघी साठीच्या आसपासच्या. बटणं, चेन, दोरे, कपड्यांचं अस्तर विकायचं त्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. थोरली ठसठशीत, आवाज असा की कपाटाची काच हलावी. धाकटी तिला ताई म्हणायची. धाकटी इतकी वाळलेली, की पलंगावर चादर टाकल्यावर खाली कुणी आहे की नाही, असं वाटावं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"घास उतरत नाही," धाकटी म्हणाली. "छातीत मधोमध बसून राहतो. पाणीसुद्धा. मग उलटून वर येतो."

"तरी म्हणत होते, गार पाणी पिऊ नकोस," ताई.

"ताई, गार पाण्याने नाही होत हे."

"तू डॉक्टर आहेस का? मग गप्प बस. सांगा हो डॉक्टर, गार पाण्यानेच ना?"

डॉक्टर हसले आणि म्हणाले, आत बघू. मी उतरले. देवाशप्पथ, अशी अन्ननलिका मी क्वचितच पाहिली होती. एरवी जी वाट सरळ आणि घट्ट असते, ती फुगून पिशवीसारखी लोंबत होती. तळाशी जुनं पेजेचं पाणी साचलेलं. आणि पोटाच्या तोंडाशी जी झडप असते, ती मूठ आवळावी तशी आवळलेली. मी टोक टेकवलं, हलकेच दाबलं. हट्टी! बऱ्याच वेळाने मला आत घेतलं.

धाकटी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी दोघींना पडद्यावर चित्र दाखवलं. "घास आला की ही झडप सैल व्हायला हवी. यांची होत नाही. आवळून बसलीय."

"आमच्या घराण्यावर गेलीय," ताई म्हणाली. "उपाय?"

"तोंडातूनच करू. छातीवर, पोटावर कुठेही कापायचं नाही, टाका नाही. दुर्बीण आत न्यायची, नळीच्या अस्तराला बारीक चीर द्यायची, अस्तर आणि स्नायू यांच्या मधून बोगदा करत खाली जायचं, आवळलेला स्नायू कापून सैल करायचा आणि चीर चिमट्यांनी बंद करून बाहेर यायचं."

ताईने क्षणभर विचार केला. "म्हणजे अस्तर उसवायचं, आतलं इलास्टिक कापायचं आणि अस्तर पुन्हा जोडून टाकायचं."

"अगदी तसंच."

"मग एवढा वेळ सरळ सांगायला काय झालं होतं?"

धाकटीने मात्र हळूच विचारलं, "मी बरी होईन ना? म्हणजे... चारचौघांत बसून जेवता येईल ना?"

डॉक्टर खोटं बोलणारे नाहीत, हे मी त्यांच्या हातावरून ओळखते. खोटं बोलणाऱ्याचा हात चाकावर घाई करतो. ते म्हणाले, "बहुतेकांना खूप फरक पडतो. पण नळीची ढकलायची ताकद गेलीय, ती मी परत आणू शकत नाही. दार उघडून देईन, ढकलणारं कुणी नसेल. घास आपल्या वजनाने उतरेल. ताठ बसायचं, नीट चावायचं, वर पाणी प्यायचं. आणि दार सैल झालं की कधी पोटातलं आंबट वर येतं, त्याला गोळी घ्यायची."

धाकटीने मान हलवली. तिचा प्रश्न काय होता, आणि उत्तर कशाचं मिळालं, ते फक्त तिला कळलं असावं.

ठरल्या दिवशी तिला पूर्ण भूल दिली. त्या दिवसाचं मी काय सांगू! मीच केलं असं म्हणणार नाही, हात डॉक्टरांचे होते. पण डोळा माझा होता, आणि आंधळा हात काय कापणार? अस्तराखाली औषधाचं पाणी भरलं, ते फुगून वर आलं. माझ्या अंगातल्या वाटेने बारीक सुरी पुढे सरकली. चीर दिली आणि मी आत शिरले, जिथे आजवर कुठल्याच घासाचा, पाण्याच्या थेंबाचा संबंध आला नसेल अशा जागी. एका बाजूला अस्तर, दुसऱ्या बाजूला स्नायूचे पांढुरके धागे, आडवे, दोरे गुंडाळावे तसे. पुढे पुढे तेच धागे दाट होत गेले. डॉक्टर एकेक धागा उचलून कापत होते. शेवटी मी बोगद्यातून मागे आले, खऱ्या वाटेने पुन्हा खाली उतरले आणि झडपेशी जाऊन थांबले. दाबायची गरजच पडली नाही. मी सरळ पोटात.

"वा!" डॉक्टर म्हणाले. हे "वा" कुणाला होतं ते मी विचारलं नाही. मी ते घेऊन ठेवलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. दुपारची कामं आटोपली की सिस्टर आमच्या खोलीतल्या स्टुलावर बसतात आणि उपचार झालेल्यांना फोन करतात. एका हाताने गॉजच्या घड्या चालू, फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. प्रश्न ठरलेले. घास अडकतो का? उलटून येतं का? छातीत दुखतं का? माझ्यासाठी तीच काय ती बाहेरच्या जगाची खिडकी.

धाकटीला फोन लागला.

"घास अडकतो का?"

"नाही."

"उलटून येतं का?"

"नाही, अजिबात नाही."

"छातीत दुखतं?"

"नाही हो सिस्टर. थँक यू."

सिस्टरांनी डॉक्टरांना आरोळी ठोकली, "तुमच्या अस्तरवाल्या एकदम मस्त!" डॉक्टर खूश झाले. मीही झाले, लपवू कशाला. कपाटात टांगलेली असताना अंगावरून वारा गेल्यासारखं वाटलं.

काही महिन्यांनी त्या तपासणीला आल्या. सिस्टरांनी धाकटीला वजनकाट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. वजन तेवढंच. मी आत गेले. आत सगळं कसं छान! चीर भरून आलेली, चिमटे गळून गेलेले, पिशवी आक्रसून पुन्हा नळीसारखी दिसू लागलेली, झडप सैल. आंबटाने थोडी लाली आली होती, तेवढंच. स्वच्छ, मोकळा रस्ता. पण खरं सांगू? मला तो रस्ता आवडला नाही. बांधून तयार आहे आणि कुणी चालत नाही, अशा रस्त्यासारखा वाटला.

ती नीट जागी झाली. माझा दिवा विझवून मला बाजूच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. मामा यायचे होते. दिवा नसला की मला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

"आत सगळं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "मग वजन का नाही वाढत? घास अडकत नाही ना?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"अडकायला गिळावं लागतं, डॉक्टर!" दारातून ताईचा आवाज आला. काच हललीच असणार.

"ताई, तू बाहेर बस."

"नाही बसत. विचारा तिला, शेवटचा घास कधी चावलान ते. अजून पातळ पेज. तीही दार लावून. तुम्ही विचारता अडकतं का, ही म्हणते नाही. खोटं कुठे बोलतेय? पेज काय अडकणार आहे, कपाळ!"

डॉक्टरांनी स्टूल ओढल्याचा आवाज आला. "मी विचारायला हवं होतं, काय खाता," ते म्हणाले. "चूक माझ्या प्रश्नात आहे. पण तुम्ही का खात नाही? रस्ता उघडलाय."

धाकटी म्हणाली, "उघडलाय हे तुम्हाला दिसतं. मला थोडंच दिसतं? मावसबहिणीकडे जेवत होते. घास बसला. उठून उभी राहिले, हात वर केले, पाणी प्यायले, आणि सगळं उलटून टेबलावर आलं. सगळ्यांनी इतकं समजून घेतलं, इतकं समजून घेतलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी कुणाच्या समोर तोंडात काही घातलेलं नाही."

"मी कुणीतरी झाले का गं?" ताई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. तिचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "आई गेल्यापासून आपण दोघीच. दुपारी मी वर जाऊन जेवते, तू खाली गल्ल्यावर. दुकानात कुणीतरी हवं म्हणायचीस. मग मी खाली, तू वर. मला वाटायचं हिला माझ्या हातचं नकोसं झालंय. डॉक्टर, मी भिंतीकडे बघून जेवते. भिंतीला मीठ जास्त झालंय का विचारायची पाळी आलीय."

"ताई..."

"आता ताई नाही नि बाई नाही. हे बघ, डब्यात पाव आणि भाजी आणलीय. घशाची बधिरी उतरली की खा. डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत. काही झालं तर इथेच व्हावं."

"इथे सगळ्यांसमोर नको."

"मग घरी?"

डबा परत पिशवीत सरकवल्याचा आवाज आला.

"बरं," ताई म्हणाली. "मग ऐक. आजपासून मीही पेज. तू चावशील त्या दिवशी मी चावीन. बघू कोण आधी वाळतं. मला शुगर आहे हे ध्यानात ठेव."

"हा कसला गं दुष्टपणा!"

"तुझ्याकडूनच शिकले."

डॉक्टर मध्ये पडले. आधी ताईंना म्हणाले, "शुगरच्या गोळ्या चालू असताना उपास चालणार नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही." मग धाकटीला पुन्हा समजावलं: पहिला घास नखाएवढा, ताठ बसून, पिठूळ होईपर्यंत चावून, वर कोमट पाणी. त्यातूनही अडकला तर घाबरायचं नाही, फोन करायचा. दोघींनी "हो" म्हटलं, आणि दोघी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या हे मला ट्रेमध्ये पडल्या पडल्या कळलं. डबा न उघडता त्या गेल्या. जिन्यावरून भांडणाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग मामांनी मला उचललं, पाण्यात बुडवलं, आणि पाण्याखाली काही ऐकू येत नाही.

त्या दिवसापासून कपाटात मला चैन पडेना. आजवर मी कुणाची काळजी केली नव्हती, करून उपयोग काय? पण एक बाई भीतीने उपाशी होती, ती निदान माझ्या डोळ्याखालून गेलेली. दुसरी शुगर असताना हट्टाने उपाशी राहायला निघाली होती, आणि तिला तर मी आतून ओळखतही नव्हते. रस्ता आम्ही केला, चालायला कोण शिकवणार? माझं टोक भीतीपर्यंत पोचत नाही. ती नेमकी कुठे बसते, ते अजून मला कुठल्याच माणसात सापडलेलं नाही.

डॉक्टरांनी सिस्टरांना सांगून फोनच्या प्रश्नांत एक नवा घातला: काल काय खाल्लं, आणि कुणाबरोबर? पहिल्या दिवशी सिस्टर कुरकुरल्या, "लोक म्हणतील, हिला काय करायच्यात चौकशा." पण विचारायला लागल्या.

आणि एका दुपारी त्यांनी त्या दुकानाचा नंबर लावला. मी कपाटात, दार उघडं. फोन वाजत राहिला, वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला.

"हॅलो, मी हॉस्पिटलमधून..."

"जेवतोय आम्ही!" ताईचा आवाज. "नंतर करा."

"अहो पण..."

आणि मागून, लांबून, दुसरा आवाज आला. "ताई, ठेव ना तो फोन. मला शांतपणे चावू दे."

फोन बंद झाला.

सिस्टर हसत सुटल्या. डॉक्टरांना बोलावलं, मामांना सांगितलं, ताईची नक्कल करून दाखवली. पण माझ्या कानात तो दुसरा आवाज राहिला. या खोलीत मी हजारो आवाज ऐकलेत. घाबरलेले, कण्हणारे, गुंगीतले, पण सगळे रिकाम्या तोंडाचे. हा आवाज जड होता, थोडा अस्पष्ट, एका गालाकडे झुकलेला. त्यात घास होता. मी तो पाहिला नाही, पाहणारही नाही. पण माझ्या डोळ्याखालून गेलेल्या वाटेने तो थोड्याच वेळात खाली उतरणार होता, आणि मी तिथे नव्हते. मी तिथे नसणं, हेच माझं काम फत्ते झाल्याची खूण. हे मला कळतं. कळलं म्हणून गोड लागतं असं नाही.

मग सगळे म्हणाले, आपणही जेवून घेऊ. मामांनी कपाटाचं दार लावलं, दिवा घालवला आणि तिघंही बोलत बोलत निघून गेले.

त्या दोघी परत आल्या नाहीत.

पुढे एका धुण्याच्या वेळी माझ्या अंगातून बुडबुडा निघाला. मामांनी पुन्हा बुडवून पाहिलं, पुन्हा निघाला. एकदा दुरुस्त करून आणलं, मग मानेशी निघाला. आता माझ्या जागी नवी टांगलीय, तिचा डोळा म्हणे माझ्याहून तेज. असेल. मी पेटीत आहे, सामानाच्या खोलीत, मोडक्या सलाइन-स्टँडशेजारी. कधीमधी नवशिके डॉक्टर मला बाहेर काढतात आणि रबराच्या खोट्या पोटात घालून हात बसवतात. रबर आतून कोरडं असतं. मला त्याचा राग येतो, पण शिकायचं तर शिका बापडे, नीट शिका, चाकं हळू फिरवा.

जाता जाता एक सांगते, आणि विनवणी म्हणून नाही, हक्काने. तुमच्या घरात कुणी रोज जेवायची वेळ टाळत असेल, "तुम्ही बसा, मी मागून जेवते" म्हणत असेल, पाण्याचे घोट घेत घेत उभं राहून गिळत असेल, तर तिला नखरेल म्हणू नका. तिच्यावर रुसून भिंतीकडे तोंडही करू नका. तिला डॉक्टरांकडे न्या. आणि उपचार झाला म्हणून काम संपलं समजू नका. समोर बसा. तुमच्या ताटात घास असू द्या, तिच्या ताटात असू द्या, आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघू नका, दुसरं काहीतरी बोला.

माझं काय विचारता? मी चांगली आहे. इथे अंधार आहे, आणि दिवा लावल्याशिवाय मला दिसत नाही, म्हणून अंधाराचं दुःख नाही. फक्त जेवायच्या वेळी वरच्या मजल्यावर ताटांचा आवाज होतो, तेव्हा मी ऐकते. कोण जेवतंय ते मला कळत नाही. बरेच जण असतात, एवढं कळतं.

लावा आता झाकण.